जैवभाराचा ‘अंदाज’ की ‘आकलन’?

विदर्भातील जंगलांवर प्रबंध लिहिणाऱ्या नागपूरच्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, मोजलेल्या मोजक्या तुकड्यांवरून सबंध प्रदेशातील झाडोऱ्याचे शुष्क वजन, म्हणजे जैवभार, काढण्याच्या क्रियेला ‘अंदाज’ म्हणावे की ‘आकलन’. तिच्या मार्गदर्शकांना ‘अंदाज’ हा शब्द हलका वाटतो.

‘आकलन’ आधी बाजूला ठेवतो. ‘कल्’ धातूत मोजणे आहे हे खरे आणि संख्याशास्त्राच्या मराठी परिभाषेतही तो शब्द आढळतो; तरीही ही निवड चुकीचीच आहे. मराठीत आकलन होते ते अर्थाचे. ‘पिकांच्या नुकसानीचे आकलन’ ही हिंदीची चाल असून नागपुरात ती रोज ऐकावी लागते.

‘अंदाज’ मात्र हलका मुळीच नाही. फारसीत ‘अंदाझा’ म्हणजे माप, आणि त्याच शब्दाच्या जुन्या रूपावरून अरबीने भूमितीसाठी ‘हंदसा’ हा शब्द घेतला. आपल्या विधिमंडळाच्या ‘अंदाज समिती’ला कोणी हलकी म्हणत नाही. या शब्दाला बट्टा लागला तो ‘अंदाजपंचे दाहोदरसे’मुळे, आणि तोही ती म्हण नीट न कळल्यामुळे. पाढ्यात ‘बावीस पंचे दाहोदरसे’ असे येते. दाहोदरसे म्हणजे शंभरावर दहा, ११०. बावीस आठवेना म्हणून त्या जागी ‘अंदाज’ बसवला, तरी उत्तर मात्र तेच आणि तितक्याच ठाम सुरात! ‘धागोदर्शे’ असे लिहून त्यात धागे शोधणाऱ्यांनी एकदा बावीसचा पाढा मोठ्याने म्हणावा. म्हणीचा रोख अंदाजावर नाहीच. गुण्य ठाऊक नसताना गुणाकार छातीठोकपणे सांगण्यावर आहे.

जैवभाराच्या कामात हा दोष सहज शिरतो. ०.१ हेक्टरचा चौरस तुकडा आखायचा तर बाजू ३१.६२ मीटर ठेवावी लागते. त्यातील प्रत्येक सागाला जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर टेप गुंडाळून घेर नोंदवायचा आणि समीकरणाने वजन काढायचे. इथवर सारे चोख असते. मग रस्त्यालगतच्या सोयीच्या तुकड्यांची सरासरी जिल्ह्याच्या सगळ्या वनक्षेत्राशी गुणली, की झाले अंदाजपंचे. स्थानीय संख्याशास्त्र, म्हणजे जागेनुसार बदलणाऱ्या आकड्यांचे शास्त्र, आधी हे तपासते की जवळच्या तुकड्यांतले साम्य अंतराबरोबर कसे ओसरते, आणि त्यानुसार न मोजलेल्या जागेच्या अंदाजात कोणत्या तुकड्याला किती महत्त्व द्यायचे हे ठरवते. दक्षिण आफ्रिकेतील खाण अभियंता डॅनी क्रीग यांनी १९५१ मध्ये सोन्याच्या खाणींसाठी मांडलेल्या कामातून ही रीत वाढली, म्हणून तिला ‘क्रिगिंग’ म्हणतात. तिचा मोठा गुण असा की, प्रत्येक जागेच्या आकड्याबरोबर तो किती चुकू शकतो हेही ती सांगते. मोजलेल्या तुकड्यांपासून दूर जावे तशी ही त्रुटी वाढत जाते. म्हणीतल्या हिशेबात नेमके हेच लपवलेले असते.

तेव्हा प्रबंधात ‘जैवभाराचा अंदाज’ असेच लिहावे, आणि जैवभाराच्या नकाशाशेजारी ‘अंदाजातील त्रुटी’ हा दुसरा नकाशा त्याच आकारात छापावा. तो पाहिल्यावर मार्गदर्शकांना शब्द हलका वाटणार नाही.