खोड, नावेवरची खाच आणि ससा

'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' याला चिनी भाषेत काय म्हणतात, असा प्रश्न मला विचारला गेला. अगदी जवळची म्हण म्हणजे 'डोंगर-नद्या बदलणं सोपं, मूळ स्वभाव हलवणं कठीण'. पण प्रश्नात पुढे 'जुनी रीत न सोडणारे' लोक असंही म्हटलं होतं. त्यांच्यासाठीचे चिनी वाक्प्रचार निराळे आहेत. ते बहुतेक चार अक्षरी असतात, त्यांना 'छंग्यू' म्हणतात.

माझा सगळ्यात आवडता 'ख चौ छ्यौ च्येन', म्हणजे नावेवर खाच पाडून तलवार शोधणं. प्राचीन चीनमधल्या छू राज्यातला एक माणूस नदी ओलांडत असताना त्याची तलवार पाण्यात पडली. त्यानं लगेच नावेच्या कडेला खाच पाडली: 'इथून पडली.' नाव काठाला लागल्यावर बरोबर त्या खाचेखाली उतरून गडी पाणी चाचपू लागला. ही गोष्ट इ.स.पू. 239 च्या सुमारास छिन राज्यात तयार झालेल्या 'ल्यू-शृ छुन-छ्यौ' या ग्रंथातली. काळ बदलला तरी कायदे जुनेच ठेवणाऱ्या राज्यकर्त्यांना उद्देशून ती सांगितली आहे.

आपली खोडीची म्हण माणसाच्या स्वभावावर बोट ठेवते. या गोष्टीतल्या माणसाच्या स्वभावात काहीच खोट नाही, खूणही त्यानं चोख केली. चुकलं एवढंच, की खूण केली ती सरकणाऱ्या वस्तूवर. म्हणून मला वाटतं, इथे खोडीची म्हण वापरली तर अर्थ हातचा जातो. 'नावेवर खाच पाडणं' असंच सरळ मराठीत आणावं.

दुसरा 'शौ चू ताय थू', खुंटाशी बसून सशाची वाट पाहणं. सोंग राज्यातल्या शेतकऱ्याच्या शेतात एक ससा धावत येऊन खुंटावर आपटला आणि मान मोडून मेला. शेतकऱ्यानं नांगर बाजूला ठेवला आणि तो दुसऱ्या सशासाठी खुंटाशी बसून राहिला. आज हा वाक्प्रचार बहुधा आयत्या लाभाची आशा धरणाऱ्याला लावतात. पण हान फेइ या प्राचीन चिनी विचारवंतानं तो रचला तो प्राचीन राजांच्या पद्धतीनं आजच्या प्रजेवर राज्य करू पाहणाऱ्यांसाठी.

'म्वो शौ छंग क्वे' म्हणजे ठरलेले नियम धरून बसणं. यातला 'म्वो' म्हणजे तत्त्वज्ञ म्वोत्स. लुटूपुटूच्या लढाईत कमरेचा पट्टा तटबंदी म्हणून मांडून त्यानं प्रतिस्पर्ध्याचे नऊ हल्ले परतवल्याची कथा आहे. तेव्हा 'म्वो शौ', म्हणजे म्वोचं संरक्षण, हे कौतुकाचे शब्द होते. आता त्यांचा अर्थ हेकेखोरपणाकडे झुकला आहे.