बोट बरोबर, तरी खेळ म्हणतो ‘लेट’

वाचकांचे प्रश्न : मोबाइलवरचे तालाचे खेळ

गाणारी मांजरं, मिशीवाले ढग, ढोल बडवणारे बेडूक आणि खाली गाण्याच्या ठेक्यावर टॅप करायची एक पट्टी. दिसायला पोरखेळ, पण पत्रांतला वैताग खराखुरा आहे. बऱ्याच तक्रारींचं मूळ बोटात नसून आवाज कानाशी उशिरा पोचण्यात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : गाणं पाठ आहे, ठेका सुटत नाही, तरी जवळपास प्रत्येक टॅपला ‘लेट’ येतं. वायरलेस इअरबड काढून फोनच्या स्पीकरवर खेळलं की स्कोअर लगेच सुधारतो. इअरबड बिघडलेत का?

इअरबड ठणठणीत आहेत. ब्लूटूथवर आवाज आधी आकसून छोट्या तुकड्यांत पाठवला जातो. इअरबड ते तुकडे थोडे साठवतात, उलगडतात आणि मग वाजवतात. यात साधारण 150 ते 250 मिलिसेकंद जातात. 120 बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला 120 ठोक्यांच्या, गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतर 500 मिलिसेकंद असतं, म्हणजे 200 मिलिसेकंदांचा उशीर जवळजवळ अर्ध्या मात्रेचा झाला. ‘परफेक्ट’साठी मात्र असे खेळ बहुधा पुढेमागे 30 ते 50 मिलिसेकंदांचीच सूट देतात. तुम्ही ऐकलेल्या ठोक्यावर अगदी नेमका टॅप करता, पण खेळाच्या हिशेबात तो ठोका केव्हाच होऊन गेलेला असतो.

मग याच इअरबडवर व्हिडिओ बघताना ओठ आणि आवाज कसे जुळतात? तिथे ॲप चित्रही तेवढंच मागे ठेवतं. खेळाला ही सोय अर्धीच मिळते. गाण्यातल्या नोट्स, म्हणजे पट्टीवर येणाऱ्या टॅपच्या खुणा, आधीच ठरलेल्या असतात, त्यामुळे त्या उशिरा दाखवता येतात. पण तुमचं बोट केव्हा पडणार हे खेळाला आधी कळत नाही. म्हणून कॅलिब्रेशन करून (ठोक्यांवर टॅप करून उशीर किती मिलिसेकंदांचा ते खेळाला कळवून) गाणं जुळवलं, तरी टॅपवर येणारा मांजराचा ‘म्याव’ मागाहूनच येतो, आणि तो कानावर पडला की पुढचा टॅप हमखास घसरतो. ब्लूटूथवरच खेळायचं असेल तर सेटिंगमध्ये ‘टॅप साउंड’ शून्यावर न्या. गाण्याचा आवाज राहू द्या, म्यावला रजा द्या.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे वायरचे हेडफोन. गोल जॅक नसलेल्या फोनला टाइप-सी हेडफोन चालतात. ते नको असतील तर इअरबडच्या ॲपमध्ये ‘गेम मोड’ किंवा ‘लो लेटन्सी’ आहे का ते बघा. त्याने उशीर कमी होतो, संपत नाही. उरलेला कॅलिब्रेशनने भरून काढायचा. आणि हे विसरू नका : इअरबडसाठी लावलेला आकडा स्पीकरवर खेळताना तसाच राहिला, तर आता उलट ‘अर्ली’ची रांग लागेल. दोन्हींचे आकडे कुठेतरी लिहून ठेवा.

प्रश्न : कॅलिब्रेशन दर वेळी वेगळा आकडा देतं. एकदा 40, मग 85, मग 60. खरा कोणता?

तिघांतला एकही डोळे झाकून मान्य करू नका. मेट्रोनोमच्या एकसारख्या टिकटिकीवर टॅप करताना माणूस सहसा ठोक्याच्या किंचित आधीच टॅप करतो, काही जण चांगले 20 ते 80 मिलिसेकंद आधी. ही चूक नव्हे, माणसाचा मेंदू ठोक्याची वाट न बघता त्याचा अंदाज बांधतो. शिवाय सुरुवातीचे चार-पाच टॅप लय पकडण्यातच जातात आणि काही खेळ तेही सरासरीत धरतात.

पद्धत अशी ठेवा. फोन खेळताना धरता तसाच धरा, टेबलावर ठेवून कॅलिब्रेशन आणि हातात धरून खेळ असं नको. डोळे मिटा, पहिले काही ठोके नुसते ऐका, मग निदान 16 टॅप करा. हे तीनदा करून मधला आकडा घ्या. तुमच्या बाबतीत 60. आता ओळखीचं, सोपं, मध्यम लयीचं गाणं खेळा आणि निकालाच्या पानावर ‘अर्ली’ किती, ‘लेट’ किती ते बघा. दोन्ही साधारण सारखे असतील तर आकडा बरोबर आहे, हात डळमळतोय. सेटिंगला हात लावू नका. एकच बाजू भरली असेल तर आकडा 10ने सरकवून पुन्हा तेच गाणं खेळा. गाणं बदललंत तर तुलनाच उरत नाही.

एक भानगड : आकडा वाढवल्यावर खेळ टॅपची वाट उशिरापर्यंत बघतो की लवकर बघायला लागतो, हे प्रत्येक खेळात वेगळं असतं. मुद्दाम 100 वाढवून एक गाणं खेळा. सगळे टॅप एकाच बाजूला गेले की दिशा कळली. मग आकडा मूळ जागी आणा.

प्रश्न : टोपीवाला बेडूक उडी मारून खाली टेकला की टॅप करायचं. तो दिसतो तोवर जमतं, पण मध्येच ढग येऊन त्याला झाकतो आणि कॉम्बो (न चुकता सलग केलेल्या टॅपची साखळी) तुटतो. बघून खेळायचं तर दिसतच नाही, मग करायचं काय?

ढग मुद्दामच आणलेला असतो. या प्रकारच्या खेळांत पात्र फक्त शोभेचं नसतं, ते इशारा देतं. पण खरा इशारा बहुधा आवाजात असतो. 1996 साली प्लेस्टेशनवर आलेल्या ‘पॅरॅपा द रॅपर’मध्ये कागदासारखा चपटा कुत्रा गुरूची ओळ ऐकून ती बटणांवर म्हणून दाखवायचा. निन्टेन्डोच्या 2006च्या ‘रिदम तेन्गोकू’ने तर पडत्या नोट्सची पट्टी जवळपास काढूनच टाकली : पात्र आवाज करतं, ठरावीक मात्रांनी तुम्ही उत्तर द्यायचं. आजच्या बऱ्याच कार्टूनछाप खेळांत हीच सवाल-जवाबाची रीत आहे.

तुमच्या बेडकाकडे पुन्हा नीट बघा. उडीआधी तो दबतो, मग वर जातो, मग टेकतो. उडी मारताना बहुधा एक छोटा ‘बॉइंग’ वाजतो. त्या बॉइंगपासून टेकेपर्यंत किती मात्रा जातात ते एकदा मोजा. दोन असतील तर बॉइंगवर मनात ‘एक’, पुढच्या ठोक्याला ‘दोन’, आणि त्यापुढच्या ठोक्याला टॅप. मग ढग येवो नाहीतर अख्खा डोंगर.

आपण कशावर विसंबतो हे तपासायची सोपी युक्ती आहे. एक गाणं आवाज बंद करून खेळा, तेच गाणं डोळे मिटून खेळा. आवाज बंद केल्यावर स्कोअर फारसा घसरला नाही, तर तुम्ही डोळ्यांनी खेळताय आणि ढग तुम्हाला रडवणारच.

बेडूक लंगडत उड्या मारत असेल, तर ठेका झुलता आहे. तिथे मात्रेचे दोन सारखे भाग नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड, साधारण 2:1. 120 बीपीएमला 250-250 ऐवजी 333 आणि 167 मिलिसेकंद. सवयीने मधोमध टॅप केलात तर 83 मिलिसेकंद आधी, म्हणजे ‘मिस’ किंवा फार तर ‘गुड’. प्रत्येक मात्रेला मनात ‘तकिट’ म्हणा आणि ‘त’ व ‘ट’वर टॅप करा. सरळ ठेक्याला ‘तकधिमि’ म्हणून ‘त’ आणि ‘धि’. तोंडाने म्हणायला लाजू नका, यापेक्षा चांगला मेट्रोनोम नाही.

प्रश्न : नोट्सचा वेग कमी ठेवलाय, तरी अवघड लेव्हलला सगळं गुंतून जातं.

वेग वाढवा. उलटं वाटेल, पण नोट-स्पीडने गाण्याची लय बदलत नाही, फक्त नोट्समधली जागा वाढते. कमी वेगात त्या एकमेकींना चिकटतात आणि कोणती आधी हेच कळत नाही. 0.5ने वाढवत जा, दोन-तीन गाण्यांत डोळा सरावतो.

प्रश्न : जलद जागी मी टॅप केलेलं फोन ओळखतच नाही. कधी मध्येच स्क्रीनशॉट निघतो. स्क्रीन बदलावी लागेल का?

आधी स्क्रीनशॉटचं कारण काढून टाका. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये तीन बोटं खाली ओढली की स्क्रीनशॉट, अशी सोय चालू असते. तीन बोटं एकदम टेकली की फोन आधी तो इशारा आहे का हे तपासतो, आणि तेवढ्यात तुमचे टॅप हरवतात. सेटिंगमध्ये जेश्चरच्या पानावर ती बंद करा.

मग बॅटरी सेव्हर बंद करा. अनेक फोनमध्ये तो स्क्रीन 120 हर्ट्झवरून 60वर आणतो, म्हणजे एक चित्र 8.3 ऐवजी 16.7 मिलिसेकंदांनी बदलतं. चार्जिंगला लावून खेळू नका. फोन तापला की प्रोसेसर स्वतःहून मंदावतो, आणि हा अडखळता वेग कोणत्याही कॅलिब्रेशनने सुटत नाही, कारण उशीर दर क्षणी वेगळा असतो. जाड कव्हर काढून ठेवा. घामेजलेलं बोट एका टॅपचे दोन करतं किंवा घसरतं, तेव्हा हात आणि काच दोन्ही पुसा. अंगठ्याची कड काचेच्या टोकाशी टेकलेली राहत असेल तर फोन ती पकड समजून तिथले टॅप सोडून देतो. एवढं करूनही ठरावीक एकाच पट्टीत टॅप हरवत असतील, तर प्रोटेक्टर काढून बघा. स्क्रीन बदलायचा विचार त्यानंतर.

प्रश्न : पैसे देऊन मिळणारी पात्रं घेतली तर स्कोअर वाढतो का?

पात्राच्या माहितीत काय लिहिलंय त्यावर आहे. नुसता पोशाख असेल तर काहीच नाही. कौशल्य असेल तर ‘जीव वाढतो’, ‘कॉम्बोला जादा गुण’ किंवा ‘गुडचं परफेक्ट होतं’ असं काहीतरी असतं. शेवटचं कौशल्य असलेलं पात्र सराव करताना टाळा, कारण तुमचा टॅप कुठे चुकतोय हे त्याच्यामुळे निकालाच्या पानावर दिसतच नाही. नुसता तो मिशीवाला ढग आवडला म्हणून घेणार असाल, तर ती गोष्ट वेगळी.