पहाटेच्या मैफली, बागेतला गंधक आणि तारांवरचा गंज : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दिवाळी पाडवा जवळ आला की नाशिकमध्ये उघड्यावरच्या पहाट मैफलींची तयारी सुरू होते आणि वाद्यांविषयीची पत्रेही वाढतात. त्यांतले काही प्रश्न या वेळी घेतो आहे.

गेल्या पाडव्याला उघड्या मंचावर तानपुऱ्याची साथ केली. दुसऱ्या दिवशी जोडीच्या तारांवर तांबूस ठिपके दिसले, खरजाची तार मात्र स्वच्छ होती. यंदा काय करू? – गायनाची विद्यार्थिनी, पंचवटी

तुमच्या जोडीच्या, म्हणजे मधल्या दोन तारा पोलादी आहेत, खरज, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची तार, पितळेची. म्हणून गंज एकीकडेच दिसला. पहाटे उघड्या आभाळाखाली धातू भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो आणि त्यावर दव धरते. बोटांच्या घामातले मीठ तारेवर आधीच असते, ते हा ओलावा धरून ठेवते. मैफल पिंपळपारावर असो की गोदाघाटावर, हे टळत नाही. घाटावर नदीमुळे थोडे जास्तच.

मंचावर अर्धा तास आधी पोहोचा आणि तानपुरा गवसणीतच (कापडी खोळीतच) राहू द्या. लाकूड आणि भोपळा तिथल्या हवेला सरावले की मग सुरात लावा, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत खुंट्या पिळत बसावे लागते. ऊन वर आले की भोपळ्याच्या एकाच बाजूवर पडणार नाही अशी बैठक आयोजकांकडून आधीच मागून घ्या. संकोच करू नका. तार दहा मिनिटांत बदलता येते, तडकलेला भोपळा पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

कार्यक्रम संपल्यावर जुन्या मलमलीच्या कोरड्या फडक्याने एकेक तार चिमटीत धरून पुसा. घोडीच्या (तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीच्या) मागचा, मणक्यांखालचा (सूर बारीक जुळवायला तारेत ओवलेल्या मण्यांखालचा) भाग बहुतेकजण विसरतात. तिथे हात फिरत नाही, म्हणून गंज तिथूनच सुरू होतो. घरी आल्यावर तासभर खोलीत उघडा ठेवून मगच गवसणी चढवा.

ठिपके आलेल्या तारा घासून वापरू नका, सरळ बदला. गंजाचे कण घोडीवर घासले जातात, जवारीला (घोडीच्या घासून घडवलेल्या वरच्या पृष्ठभागाला) चर पडतात आणि मग ती कारागिराकडून नव्याने लावून घ्यावी लागते. तारेच्या किमतीपुढे तो खर्च कितीतरी मोठा आहे.

आमचे घर द्राक्षबागेला लागून आहे. सतारीचे पडदे (दांडीवरच्या आडव्या पट्ट्या) जुने, पितळेचे. हवा कोरडी असतानाही पडदे आणि जोडीची तार काळी पडतात. चिंचेने घासून लख्ख केले तरी पंधरा दिवसांत पुन्हा तेच. – एक सतारवादक, निफाड तालुका

पत्रात तुम्ही रंग नेमका सांगितलात हे फार चांगले केलेत. पोलादावर तांबूस भुकटी आली तर कारण ओलावा. पितळ-तांब्यावर हिरवट थर आला तर ओलाव्याला आंबट किंवा खारट पदार्थाची जोड मिळालेली असते. काळपट, कोरडा, बोटाला न लागणारा थर आला की मला पहिला संशय गंधकाचा येतो. भुरीसाठी (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगासाठी) बागेत गंधकाची फवारणी किंवा धुरळणी होतेच. घरातली चांदीची निरांजने, समया त्याच दिवसांत काळवंडतात का, तेही पाहा.

खात्री करायला खर्च नाही. घरातल्या वायरिंगची तांब्याची तार सोलून तिचे तीन तुकडे बारीक पॉलिश पेपरने चकचकीत करा. एक खिडकीपाशी, एक घट्ट झाकणाच्या डब्यात, एक सतारीच्या पेटीत ठेवा आणि दोन आठवड्यांनी तिन्ही शेजारी मांडा. खिडकीतला तुकडा काळा पडला आणि डब्यातला नाही, तर हवा दोषी. पेटीतला सर्वांत काळा असेल, तर पेटीच्या अस्तरातच खोट आहे. रबराच्या पट्ट्या आणि काही प्रकारची लोकर यांतूनही गंधकाचे अंश सुटतात, आणि बंद पेटीत त्यांना बाहेर जायला वाटच नसते. तसे निघाले तर अस्तर काढून धुतलेले, खळ नसलेले सुती कापड लावा.

हवेचा दोष असेल तर फवारणीच्या दिवशी त्या बाजूच्या खिडक्या बंद आणि सतार गवसणी घालून पेटीत. दुसऱ्या दिवशी आधी खोली पुसा, मग सतार बाहेर काढा.

चिंच मात्र थांबवा. भांडीबाजारातून आणलेला तांब्याचा हंडा चिंचेने घासतो तेव्हा तो पाण्याने खळखळून धुतो. पडदे तसे धुता येत नाहीत. आंबट रस पडदे बांधलेल्या दोऱ्यात आणि दांडीच्या पॉलिशवर राहतो आणि मग काळ्याच्या जागी हिरवे येते. पडद्यांवरच्या पातळ काळ्या थराने सुराला धक्का लागत नाही. माझ्या मते तो राहू द्यावा. लख्खच हवे असतील तर पडदे नव्याने बांधून घ्याल तेव्हा कारागिराकडून सुटे करून घासून घ्या. जोडीची तार काळी पडून आवाज मंद झाला की बदला.

मुंबईच्या कार्यक्रमाला जाताना सतार गाडीच्या डिकीत ठेवली तर चालेल का? – नाशिकरोड

नाही. बाहेर ४० अंश असताना उन्हात उभ्या बंद गाडीत पारा ६० च्या पुढे जातो. त्या उष्णतेत सरसाचे (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या डिंकाचे) जोड सैलावतात आणि लाखेचे पॉलिश मऊ होऊन त्यावर गवसणीची वीण उमटते. सतार आपल्यासोबत, सीटवर. वाटेत जेवायला थांबलात तरी गाडीत सोडू नका. मुंबईच्या दमट हवेत खुंट्या फुगून अडकतात. जोर लावून फिरवू नका, खुंटी थोडी बाहेर ओढून मग वळवा. परत आल्यावर कोरड्या हवेत त्याच खुंट्या सुटू लागतात. तेव्हा खडूची किंचित पूड पुरते.

मुलगा स्कूटरवरून क्लासला जाताना व्हायोलिनची केस भिजली. वाद्यालाही पाणी लागले आहे. – पालक, सिडको

आज लगेच करायचे ते आधी. पाणी कापडाने टिपून घ्या, चोळू नका. तारा थोड्या सैल करा, पण पूर्ण सोडू नका, कारण घोडी पडली की आतला आधाराचा दांडाही पडू शकतो. बो (व्हायोलिनचा गज) सैल करा. वाद्य आणि केस वेगवेगळी, सावलीत, पंख्याच्या थेट झोतापासून दूर वाळू द्या. केस दोन-तीन दिवस उघडीच राहू दे. हेअर ड्रायर नको, ऊन नको. पाण्यापेक्षा घाईने वाळवण्यानेच लाकूड जास्त फाटते. कडेचा जोड उकललेला दिसला तर घरातला डिंक लावू नका. व्हायोलिनला सरसच लागतो, कारण पुढच्या दुरुस्तीच्या वेळी तो जोड उघडता यावा लागतो.

तारांना खोबरेल लावावे का? पेटीत सिलिका जेल ठेवावे का? – दोन वाचकांचे प्रश्न

वाजवताना बोटाला खोबरेल लावण्याची सतारियांची रीत आहे, त्याला हरकत नाही. वाजवून झाले की तार पुसायची, तेल राहू द्यायचे नाही. त्यावर धूळ बसते आणि घोडीपर्यंत पोहोचले तर जवारी दबते. महिनाभर वाद्य ठेवून द्यायचे असेल तर पोलादी तारांवर शिवणयंत्राच्या तेलाचा पुसट हात फिरवा, घोडीपासून चार बोटे दूर.

सिलिका जेल पावसाळ्यात जरूर ठेवा, पण लाकडाला न टेकता. खडे रंग बदलणारे घ्या, निळ्यापेक्षा नारिंगी बरे, निळ्यात कोबाल्टचे क्षार असतात. दिवाळीनंतर मात्र काढून टाका. नाशिकच्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात हवा मुळातच कोरडी असते, त्यात पेटी आणखी कोरडी केली तर तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) आणि भोपळा तडकण्याचा धोका वाढतो. आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र पेटीत ठेवा आणि काटा ४५ ते ६० टक्क्यांत राहील असे पाहा.