व्हिएन्नातला शेवटचा दिवस

प्रश्न : मी पहिल्यांदाच एकटी परदेशी निघाले असून ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नात चार रात्री राहणार आहे. पाचव्या दिवशी, बुधवारी, रात्री 9 वाजता परतीचे विमान आहे. ते आखाती देशात बदलायचे आहे. हॉटेलची खोली मात्र सकाळी 11 वाजता सोडावी लागेल. मधल्या वेळात रेल्वेने शेजारच्या स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लाव्हा पाहून यावे, असे मनात आहे. एवढ्या दूर पुन्हा येणे होईल की नाही कोण जाणे, म्हणून एकही तास वाया जाऊ नये असे वाटते. हा बेत योग्य आहे का?

उत्तर : ब्रातिस्लाव्हा त्या दिवशी नको, असे मी आग्रहाने सांगेन. रेल्वेने ते जेमतेम तासाभराच्या अंतरावर आहे हे खरे; पण एखादी गाडी रद्द झाली, तर तुम्ही दुसऱ्या देशात आणि तुमचे सामान व्हिएन्नात, अशी स्थिती होईल. सोबत कोणी असते तर एकाने सामान आणायचे आणि दुसऱ्याने विमानतळ गाठायचा, अशी वाटणी तरी करता आली असती. जायचेच असेल तर आदल्या एखाद्या दिवशी जावे.

सामान हॉटेलच्या स्वागतकक्षात ठेवून घेतात का, हे आधीच विचारून घ्या. नाहीतर मुख्य रेल्वे स्थानकावर लॉकर मिळतात, आणि तिथूनच विमानतळाची गाडी साधारण पंधरा मिनिटांत पोहोचवते. शहराच्या हद्दीपुरता पास विमानतळापर्यंत चालत नाही, पुढच्या टप्प्याचे तिकीट वेगळे काढावे लागते. एकाच दुकानात 75 युरोंहून अधिक खरेदी झाली असेल आणि करपरतीचा, म्हणजे खरेदीवर भरलेला कर परत मिळवण्याचा, अर्ज घेतला असेल, तर त्या वस्तूंची बॅग विमान कंपनीच्या ताब्यात जाण्याआधी सीमाशुल्क विभागाची नोंद करून घ्यावी. हे सगळे धरून संध्याकाळी साडेपाचला शहर सोडले, तर घाई होणार नाही.

म्हणजे तुमच्या हाती साडेसहा तास उरतात. त्यात नवे काही न पाहता, आधीच्या दिवसांत जे पाहताना पाय निघत नव्हता तिथे पुन्हा जावे, असे मला मनापासून वाटते. कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम या कलासंग्रहालयातले सोळाव्या शतकातील चित्रकार ब्रॉयगेलचे दालन हे माझ्या लेखी अशा दुसऱ्या भेटीचे ठिकाण आहे. त्याची इतकी चित्रे जगात दुसरीकडे कुठेही एकत्र नाहीत. 1565 सालचे ‘बर्फातले शिकारी’ पहिल्यांदा पाहताना आपली नजर थकलेल्या माणसांवर आणि माना खाली घातलेल्या कुत्र्यांवर खिळते. दूर खाली गोठलेल्या तळ्यावर खेळणारी इवलीशी माणसे, डावीकडे सराईबाहेर पेटवलेला जाळ आणि वर पंख पसरलेला पक्षी हे हळूहळू दिसू लागते. ऋतूंवरील ज्या मालिकेतले हे चित्र आहे, तिची आज पाचच चित्रे उरली आहेत आणि त्यांपैकी तीन याच संग्रहालयात आहेत. एका चित्रासमोर अर्धा तास बसायचे असेल तर ‘चला आता’ म्हणणारे कोणी सोबत नसावे लागते, आणि एकटीने केलेल्या प्रवासात ही मोकळीक तुम्हाला आयतीच मिळणार आहे. तिकीट पुन्हा काढावे लागेल, ते काढा. सोमवारी हे संग्रहालय वर्षातला बराच काळ बंद असते, पण तुमचा दिवस बुधवार आहे.

चित्रांत मन रमत नसेल, तर श्वार्त्सेनबर्गप्लाट्झहून 71 क्रमांकाच्या ट्रामने मध्यवर्ती दफनभूमीत, त्सेन्ट्रालफ्रीडहोफला जा आणि दुसऱ्या प्रवेशद्वाराशी उतरा. कोणी वारले की ‘तो एकाहत्तरने गेला’ असे व्हिएन्नाचे लोक म्हणतात, ते या ट्राममुळेच. 1874 साली सुरू झालेल्या या विस्तीर्ण जागेत बेथोव्हेन आणि शूबर्ट हे संगीतकार एकमेकांच्या जवळ विसावले आहेत. दोघांनाही 1888 साली दुसऱ्या दफनभूमीतून इथे आणले गेले. ब्राम्स आणि धाकटा योहान स्ट्राउस हे संगीतकारही तिथेच आहेत. मधोमध मोझार्टचे स्मारक दिसेल, पण त्याचे दफन 1791 मध्ये सांक्ट मार्क्सच्या दफनभूमीत झाले होते. ऑक्टोबरात झाडांची पाने पिवळी पडलेली असतात आणि वाटांवर गर्दी नसते, त्यामुळे तिथे वेळेचे भान राहत नाही. म्हणून घड्याळात साडेतीनचा गजर लावून ठेवा आणि तो वाजताच परतीची ट्राम धरा.