आधी मात्रा ठरव, मग जनुक घाल

वनस्पतीत जनुक घालताना, ते न बसलेल्या पेशी मराव्यात म्हणून वाढीच्या माध्यमात कानामायसिन हे प्रतिजैविक घालतात. त्याची मात्रा दुसऱ्याच्या पेपरमधून उचलू नकोस. तुझ्याच वाणाचे, जनुक न घातलेले पानाचे तुकडे ०, २५, ५०, १०० मिलिग्रॅम प्रति लिटरवर लाव. ज्या कमीत कमी मात्रेला एकही हिरवा कोंब फुटत नाही, ती तुझी. तंबाखूला १०० बहुधा पुरतं. भात मात्र कानामायसिनला सहसा दाद देत नाही. तिथे हायग्रोमायसिन हे दुसरं प्रतिजैविक ५० च्या आसपास लागतं, अर्थात वेक्टरमध्ये (जनुक वाहून नेणाऱ्या डीएनएत) त्याला तोंड देणारं जनुक असेल तरच.

अ‍ॅग्रोबॅक्टेरियम (पेशीत जनुक पोचवणारा जिवाणू) काम झाल्यावर मारायला सेफोटॅक्सिम हे प्रतिजैविक, २५० ते ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर. ते उष्णतेनं बिघडतं. म्हणून ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळ आणि ऑटोक्लेव्ह केलेलं (दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलेलं) माध्यम ५० अंशांवर आलं, बाटली हाताला सोसवू लागली, की मगच घाल. प्लेटमध्येही त्याचा जोर हळूहळू ओसरतो, तेव्हा दर दोन आठवड्यांनी तुकडे ताज्या माध्यमावर हलव. तुकड्याच्या कडेला ओलसर, चकचकीत साय दिसली तर अ‍ॅग्रो परतलाय.

कापसासारखी लव दिसली तर मात्र सेफोटॅक्सिम वाढवून उपयोग नाही. ती बुरशी, मुंबईच्या जुलैतली नेहमीची. ती प्लेट लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात) अजिबात उघडू नकोस, तशीच ऑटोक्लेव्हला दे.