भूर्जावर पोट भरेल का?

प्रश्न : माझी मुलगी सांगलीत बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. मागच्या मे महिन्यात ती ग्रुपबरोबर हिमालयात गोमुखला जाऊन आली. तेव्हापासून 'मला भूर्जवृक्षावर संशोधन करायचंय' हे एकच पालुपद. (ज्याच्या सालीवर पूर्वी पोथ्या लिहायचे, ते हे झाड.) तिथून आणलेला सालीचा तुकडा देव्हाऱ्यात ठेवलाय. आमची द्राक्षबाग आहे, घरात पीएच.डी. कोणी नाही. आमचं म्हणणं, बी.एड. करावं. जे झाड आपल्याकडे उगवतच नाही, त्यावर तिचं पोट कसं भरणार?
– एक वडील, तासगाव तालुका

उत्तर : नमस्कार. तुमची शंका रास्त आहे. 'भूर्जतज्ज्ञ पाहिजेत' अशी जाहिरात इतक्या वर्षांत माझ्या पाहण्यात आलेली नाही. नोकरी मिळते ती हातातल्या कसबावर. झाडाची वलयं वाचता येतात का, तळ्याच्या गाळातले परागकण ओळखता येतात का, डीएनए काढून त्याचं विश्लेषण जमतं का, हे विचारलं जातं. तेव्हा लेकीला 'भूर्जच का?' असं विचारू नका. 'त्या झाडाला काय विचारायचंय तुला?' असं विचारा. उत्तरासाठी दोन दिवस द्या.

विचारण्यासारखं खूप आहे. भूर्जाच्या कुळात सहा प्रजाती (जीनस) आहेत. चॉकलेटमधलं हेझलनट याच कुळातलं. नागालँडमधल्या खोनोमा गावचं अल्डरही याच कुळातलं, आणि ते तुम्हाला लगेच समजेल. तिथले अंगामी शेतकरी अल्डरचं खोड माणसाच्या उंचीच्या आसपास छाटतात, फुटवे येऊ देतात आणि मधल्या जागेत पिकं घेतात. आपल्या द्राक्षबागेतल्या खरड छाटणीचा लांबचा भाऊच म्हणा. हरभऱ्याच्या मुळांवर असतात तशा गाठी अल्डरच्या मुळांवर असतात. त्यातले फ्रँकिया नावाचे जिवाणू हवेतलं नत्र जमिनीत आणतात. यावर काम करणाऱ्याला शेतीची जाण असावी लागते, आणि ती तुमच्या घरात आहे.

आता तिचा भूर्ज. हिमालयात झाडं जिथे संपतात त्या रेषेवर तो उभा असतो. अभ्यासक गिरमिटासारखं पोकळ हत्यार खोडात फिरवतात आणि पेन्सिलीहून बारीक, पाच मिलिमीटरची कांडी बाहेर काढतात. झाड मरत नाही. कांडी लाकडी खाचेत चिकटवायची, पॉलिश पेपरने घासायची, मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वलय (वर्षाला एक) मोजायचं. सागवानाची वलयं ठळक दिसतात. भूर्जाची सीमारेषा मात्र इतकी पुसट की नवशिक्याला चकवते, आणि वाईट वर्षी काही बाजूंना वलय तयारच होत नाही. म्हणून एका झाडाच्या दोन कांड्या काढून त्या शेजारच्या झाडांशी ताडून पाहतात. नेपाळमधल्या अशा कामातून एक गंमत कळली. एवढ्या उंचीवर थंडी वाढ रोखत असेल असं कोणालाही वाटेल, पण भूर्जाला नडतो तो पावसाळ्याआधीचा कोरडा उन्हाळा. दुष्काळात बाग गेलेल्या माणसाला यात नवल वाटायचं नाही.

हे शिकायला पहिल्या दिवशी हिमालय गाठायची गरज नाही. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या आणि हिमालयातल्या सूचिपर्णी झाडांच्या वलयांवरून जुन्या पावसापाण्याचा अभ्यास झालेला आहे. पुढे लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था, डेहराडूनची वन संशोधन संस्था, अल्मोड्याजवळची गोविंद बल्लभ पंत हिमालय पर्यावरण संस्था. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तिथल्या शास्त्रज्ञांना तिने स्वतः पत्र लिहावं. दहातल्या दोघांचं उत्तर आलं तरी पुष्कळ.

पैशाचं स्पष्ट सांगते. एम.एस्सी.ची दोन वर्षं खर्च तुमचा. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढची तीन वर्षं ४२,०००, शिवाय घरभाडं. म्हणजे आजपासून सात-आठ वर्षं पक्की नोकरी नाही, पण त्यातली पाच घरून पैसे मागायचे नाहीत. जेआरएफ हुकली तर? हा प्रश्न आजच तिच्याशी बोला, कारण ती अनेकांची हुकते. जेआरएफला वयाची मर्यादा असते. बी.एड. नंतरही करता येतं. म्हणून क्रम उलटा लावू नका, एवढंच माझं मत. वनस्पतिशास्त्राच्या पदवीवर भारतीय वनसेवेची परीक्षाही देता येते, तीही नजरेत असू द्या.

आणि तो देव्हाऱ्यातला तुकडा. गोमुखची वाट गंगोत्री राष्ट्रीय उद्यानातून जाते, तिथून पडलेली सालही उचलून आणता येत नाही. रागावू नका तिला, पण संशोधकाचं निम्मं आयुष्य वनखात्याच्या परवानग्यांमागे जातं, हे तिने आत्ताच ओळखलेलं बरं. त्या वाटेवरच्या भोजबासा या ठिकाणाचं नाव भोजवृक्षावरूनच, म्हणजे भूर्जावरूनच पडलं. झाडं विरळ झाल्यावर तिथे पुन्हा भूर्जाची रोपं लावली ती गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी. त्या होत्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापक!

साल बघायचीच हौस असेल तर पुण्याच्या भांडारकर संस्थेत चौकशी करा. काश्मीरमधून आलेल्या, भूर्जपत्रावर शारदा लिपीत लिहिलेल्या पोथ्या तिथे आहेत. २००७ साली युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' यादीत गेलेल्या इथल्या ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांपैकी एक भूर्जपत्रावरचं आहे. दाखवतील की नाही ते त्यांच्या नियमांवर अवलंबून, आधी पत्र टाका. पाषाणचं काम त्याच फेरीत उरकेल. तुम्हीही बरोबर जा, फक्त खरड छाटणीच्या गडबडीत बेत ठेवू नका.