बुडबुडे थांबले, आता बाटल्या भरू का?

प्रश्न : मी इंग्लंडातल्या लेस्टरला राहतो. पहिल्यांदाच घरी बिअर करतोय. दुकानातून पेल एलचं (एल या प्रकारातल्या फिक्या रंगाच्या बिअरचं) किट आणलं, सूचनेप्रमाणे 23 लिटर केलं आणि बादली गॅरेजमध्ये ठेवली. सुरुवातीला एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या झाकणावरच्या नळीतून) जोरात बुडबुडे आले, आता पूर्ण थांबलेत. वर तपकिरी चिकटा दिसतो. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी तरंगती काचेची नळी) 1.020 दाखवतो. बिघडली का? की बाटल्यांत भरून टाकू? शिवाय नाशिकला बाबांना किट नेऊन दिलं तर चालेल का?

उत्तर : फेकू नका, आणि बाटल्या तर मुळीच भरू नका. आधी हे दुसरं सांगते, कारण त्यात इजा होऊ शकते.

साध्या पाण्याचा आकडा 1.000; बिअरमधली साखर यीस्ट खातं तसा तिचा आकडा खाली येतो. पेल एलचं किट साधारण 1.010 ते 1.012 पर्यंत उतरतं. तुमचं 1.020 वर आहे, म्हणजे यीस्टला खाता येईल अशी लिटरमागे वीसेक ग्रॅम साखर अजून आत असावी. बाटलीत फेस यावा म्हणून आपण मुद्दाम घालतो ती साखर लिटरला फक्त पाच ग्रॅम. चौपट साखर झाकणाखाली कोंडली आणि यीस्ट पुन्हा जागं झालं, तर काच फुटते. कपाटात एक फुटली की शेजारच्याही जातात.

तपकिरी चिकट्याची काळजी करू नका. फेस वर चढून खाली बसला की यीस्ट आणि हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) गाळ बादलीच्या कडेला असाच राहतो. बिघाड वेगळा दिसतो : वर पांढरा, सुरकुतलेला पापुद्रा धरतो, व्हिनेगरसारखा वास मारतो. तुमच्या पत्रात तसं काही नाही.

मला संशय गॅरेजचा आहे. एलच्या यीस्टला 18 ते 20 अंश मानवतात. इंग्लंडात रात्री गॅरेज 12-13 अंशांवर सहज जातं, मग यीस्ट तळाशी जाऊन झोपतं. थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही, तसंच. बादली घरात आणा, जमिनीवरच्या फरशीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवा, भोवती जाड चादर गुंडाळा. झाकण न उघडता हलकेच गोल फिरवा, म्हणजे तळाचं यीस्ट वर येईल. पळीने घुसळू नका. या टप्प्यावर हवा मिसळली की बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

बुडबुड्यांवर भरवसा ठेवू नका. झाकण जरा सैल असलं तरी वायू कडेने निसटतो आणि एअरलॉक गप्प बसतो. खरं काय ते हायड्रोमीटर सांगतो. आधी तो 20 अंशांच्या साध्या पाण्यात बुडवून 1.000 दाखवतो ना, ते बघा. मग दोन-तीन दिवसांच्या अंतराने मोजा. आकडा 1.012 च्या आसपास येऊन सलग दोनदा तोच राहिला, तरच बाटल्या काढा. मोजलेला नमुना बादलीत परत ओतू नका, प्या! कोमट आणि बिनफेसाचा असला तरी त्यात माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा उतरून हॉप्सचा कडवटपणा पुढे येताना कळतो. मला तर या कामातला हाच भाग सर्वांत आवडतो.

23 लिटरला 115 ग्रॅम साखर पुरे. थोड्या पाण्यात उकळून, गार करून सगळ्या बिअरमध्ये सारखी मिसळा. बाटल्या बिअरच्याच घ्या. पातळ काचेच्या सरबताच्या बाटल्या नकोत. दोन आठवडे घरात, मग फ्रिजमध्ये.

बाबांना मात्र किट नेऊ नका. ब्रिटनमध्ये 1963 पासून स्वतःपुरती बिअर करायला परवाना लागत नाही, फक्त ती विकता येत नाही. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, घरी पिण्यापुरतं असलं तरी. बाबा लेस्टरला आले की त्यांच्या हातात हायड्रोमीटर द्या.